फोटोखालची ओळ

'फोटो आहे माझ्याजवळ!' असे कुणी म्हटले की पुढचा वाद खुंटतो. माणसाच्या सांगण्यावर आपण शंका घेऊ, पत्रातल्या मजकुरावर घेऊ, इतिहासकारांवर तर घेतोच घेतो. पण फोटोपुढे मान तुकवतो. थोरल्या आत्याच्या लग्नातून धाकटे काका रुसून निघून गेले होते की नव्हते, हा चाळीस वर्षे चाललेला तंटा आल्बमाचे एक पान उघडताच मिटतो. काका पंगतीत बसलेले दिसतात. झाले! मग ते जेवून रुसले की रुसून जेवले, हे मात्र फोटो सांगत नाही. आणि आपणही त्याला विचारीत नाही.

खरे पाहता फोटो हा मोठा मुका प्राणी आहे. तो दाखवतो पुष्कळ, सांगत काहीच नाही. सांगते ती त्याच्या खालची ओळ. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या माणसाचा एक फोटो घ्या. खाली 'कष्टाची भाकर' असे छापा. वाचकाला गहिवर येईल. 'जंगलाचा शत्रू' असे छापा. त्याच वाचकाला संताप येईल. 'सांजवेळ' असे छापा, म्हणजे तोच फोटो दिनदर्शिकेवर जाईल. माणूस तोच, मोळी तीच, डोंगरही तोच. बदलली ती दोन शब्दांची ओळ. आणि गंमत अशी, की ती ओळ लिहिणारा बहुधा डोंगरावर गेलेलाच नसतो.

पदवीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. व्यावहारिक मराठीच्या तासाला मुलांकडून मी कधी कधी एक खेळ करून घेते. छापील फोटोखालची ओळ कापून टाकायची, फोटो वर्गात फिरवायचा आणि प्रत्येकाने आपापली ओळ लिहायची. एकदा डहाणू-तलासरीकडच्या डोंगराळ भागाचा फोटो दिला होता. उतरता माळ, मधूनच एखादे झाड, पायथ्याशी काळवंडलेला एक चौकोन आणि पाठमोरा चाललेला एक माणूस. मुलांनी भराभर ओळी लिहिल्या. 'निसर्गाच्या कुशीत', 'एकाकी वाट', 'विकासाच्या प्रतीक्षेत'. एकाने काळा चौकोन पाहून 'वणव्यानंतर' असेही लिहिले. तलासरीकडची एक मुलगी मात्र लिहायच्या आधी बराच वेळ फोटोच पाहत बसली. मग तिने लिहिले, 'माळ रिकामा नाही. गवत कापून झाले आहे.'

मी विचारले, "हे तुला कशावरून समजले?"

ती म्हणाली, "मॅडम, गवताचे खुंट दिसतायत ना. आणि तो काळा भाग म्हणजे वणवा नव्हे, राब भाजलाय. म्हणजे होळीनंतरचा फोटो आहे. माणूस रिकाम्या हाताने चाललाय, पण वाट खाली रस्त्याकडे जाते. कामाला चालला असेल."

वर्ग गप्प झाला. आम्ही सर्वांनी फोटो 'पाहिला' होता. तिने तो वाचला होता. भाताच्या रोपासाठी फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात त्याला राब म्हणतात, हे आमच्या वर्गातल्या कितीजणांना ठाऊक असेल? ज्याला राब माहीत नाही त्याला काळ्या चौकोनात वणवाच दिसणार. त्यात डोळ्यांचा दोष नाही.

त्या कापलेल्या गवताची गोष्ट तर आणखी पुढे जाते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्याच्या या उत्तरेकडच्या डोंगरांतून येत असे. ते कापायचे वारल्यांनी आणि त्यावर पैसा करायचा जमीनदाराने व व्यापाऱ्याने. लग्नासाठी चार पैसे कर्जाऊ घेतले म्हणून नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारात राबत राहायची. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी हजारो आदिवासी जमले आणि वेठबिगार करायची नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. गोदावरी आणि शामराव परुळेकर या दांपत्याने त्यांना संघटित केले होते. त्याच पावसाळ्याअखेर प्रश्न आला तो गवतकापणीच्या मजुरीचा. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चारजण मारले गेले. गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही सारी हकिकत लिहिली आणि त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या हुतात्म्यांचे स्मरण दर १० ऑक्टोबरला तिकडे आजही केले जाते.

आता पुन्हा तो माळ पाहा. आपण त्याला 'निसर्गाची कुस' म्हटले होते.

फोटोखालच्या ओळीचा हा खेळ वर्गात करमणुकीचा वाटतो. पण सरकार, शास्त्र आणि साम्राज्य जेव्हा तो खेळू लागतात, तेव्हा त्याचे रूप बदलते. आणि त्याची सुरुवात आपल्याच मुंबईत फार लवकर झाली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी ही संस्था १८५४ सालची. मुंबई सरकारच्या नोकरीतून छायाचित्रणाकडे वळलेल्या विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नाना जातीजमातींची त्यांत छायाचित्रे आहेत. एखादा समूह देवळापुढे किंवा समुद्रकाठी, आपापल्या पोशाखात, डौलाने उभा. पाहणाऱ्याला वाटावे, जॉन्सनसाहेब तिथे गेले आणि ही मंडळी त्यांना तिथे तशी उभी सापडली. प्रत्यक्षात माणसांचा फोटो एकीकडे काढायचा, देखाव्याचा दुसरीकडे, आणि छापताना दोन्हींचा बेमालूम सांधा जुळवायचा, असे हे काम होते. संगणक येण्याच्या सव्वाशे वर्षे आधीची ही हातचलाखी! कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे खंड जरूर आठवावेत.

त्यापाठोपाठ आला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन के हे त्याचे संपादक. १८६८ ते १८७५ या काळात तो निघाला आणि त्यात साडेचारशेच्या वर छायाचित्रे आहेत. १८५७ ची धग अजून निवली नव्हती. ही कोण माणसे आहेत, यांतली राजनिष्ठ कोण आणि बंडखोर कोण, हे राज्यकर्त्यांना जाणून घ्यायचे होते. तेव्हा एका माणसाचा फोटो आणि त्याखाली त्याच्या सबंध जमातीचा स्वभाव, अशी मांडणी झाली. समोर दिसतो एक थकलेला, बहुधा गोंधळलेला माणूस. आणि खालच्या मजकुरात त्याच्या हजारो जातभाईंचा निकाल लागलेला. ही जमात कष्टाळू, ती आळशी, अमकी विश्वासू, तमकी चोरटी. फोटोतल्या माणसाला तो मजकूर कुणी वाचून दाखवला नाही आणि त्याचे म्हणणेही कुणी विचारले नाही.

या ग्रंथाबद्दलची एक हकिकत मला फार बोलकी वाटते. पुढे अलीगढला शिक्षणसंस्था उभारणारे सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये मुलांसह इंग्लंडला गेले होते. लंडनमध्ये त्यांनी हा ग्रंथ पाहिला आणि आपल्या देशाचे त्यातले रूप पाहून ते खिन्न झाले. त्यांचा मुलगा पाने उलटत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारले, "आपण हिंदुस्थानी का?" मुलगा लाजेने लाल झाला. 'हो' म्हणाला, पण आपण तिथले मूळचे रहिवासी नव्हेत, आपले पूर्वज बाहेरून आले, अशी पुस्ती त्याने लगेच जोडली. सर सय्यद यांनीच हे लिहून ठेवले आहे.

आपण त्या मुलाला हसायचे कारण नाही. अपमानकारक ओळ छापली होती इंग्रजाने. पण ती पुसायची सोडून हा सुशिक्षित मुलगा एवढेच म्हणाला, की ही ओळ माझ्याबद्दल नाही, त्यांच्याबद्दल आहे. शहरात राहणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांची ही जुनी सवय आहे. 'आदिवासी' हा शब्द उच्चारताना आपल्या आवाजात जी एक दया उतरते, ती त्या ग्रंथातल्या मजकुराची लांबची नातेवाईकच आहे.

फोटोखाली ओळ लिहून माणसांची प्रतवारी लावण्यावर शास्त्राचे समाधान झाले नाही. १८६९ मध्येच लॅम्प्री नावाच्या इंग्रजाने एक युक्ती सुचवली. लाकडी चौकटीला रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन करायचे, त्यापुढे माणसाला उघडा उभा करायचा आणि फोटो घ्यायचा. म्हणजे त्याच्या देहाची मापे फोटोवरूनच काढता येतील. पुढे अंदमानात पोर्टमन या अधिकाऱ्याने तशाच चौकोनांच्या पडद्यापुढे तेथील आदिवासींचे फोटो काढले. शिंप्याने मापे घेतली तर निदान कपडे तरी मिळतात!

हे फोटो आज संग्रहालयांच्या कपाटांत सुखरूप आहेत. त्यांचे करायचे काय? फाडून टाकले तर पुरावाच गेला. तसेच भिंतीवर लावले तर तो अपमान पुन्हा नव्याने झाला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही चित्रकारांनी तिसरा मार्ग धरला आहे. जुना फोटो घ्यायचा आणि त्याची अशी काही फेरमांडणी करायची, की पाहणाऱ्याला स्वतःच्या पाहण्याचीच शंका यावी.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी या छायाचित्रकार बाईंच्या साथीने २००० ते २००४ या काळात दक्षिणेतल्या 'नेटिव्ह' स्त्रियांची एक मालिका केली. जुन्या चित्रांतला आणि फोटोंतला एकेक नमुना घ्यायचा, तसाच पडदा, तसाच वेष, तसाच उजेड उभा करायचा आणि त्यात स्वतः उभे राहायचे. त्या चौकोनी पडद्यापुढेही त्या उभ्या राहिल्या आहेत आणि राजा रविवर्म्याची लक्ष्मीही त्या झाल्या आहेत. लक्ष्मीपूजनाला आपण ज्या लक्ष्मीपुढे हात जोडतो, तिचे हे रूप घरोघर पोचवले ते रविवर्म्याच्या मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्याने. तेव्हा ही लक्ष्मी आपल्या फार ओळखीची. त्या ओळखीच्या कमळात एक आजची बाई उभी पाहून प्रथम हसू येते. पुढच्या फोटोत तीच बाई मापाच्या चौकोनांपुढे दिसते आणि हसू मावळते. एक पूजेची चौकट, एक मापाची. पण बाईला चौकटीत बसवण्याचे काम दोन्हीकडे चाललेच आहे, हे एकही ओळ न लिहिता कळते.

दुसरे उदाहरण विवान सुंदरम यांचे. चित्रकर्त्री अमृता शेरगिल या त्यांच्या मावशी. अमृताचे वडील उमरावसिंग यांना फोटोचा नाद. घरच्या मंडळींचे आणि स्वतःचे पुष्कळ फोटो त्यांनी काढून ठेवले होते. २००१-०२ मध्ये विवान यांनी ते फोटो संगणकावर घेऊन एकमेकांत गुंफले. जी माणसे एका खोलीत, एका वयात कधी एकत्र आली नव्हती, ती एका चित्रात शेजारी आली. म्हणायला ही जॉन्सनचीच करामत. मग एकाला फसवणूक म्हणायचे आणि दुसऱ्याला कला, हा कुठला न्याय?

फरक आहे तो सांध्याचा. जॉन्सनचा सांधा दिसू नये म्हणून जुळवलेला आहे. विवान यांचा सांधा तुमच्या लक्षात यावा म्हणूनच जुळवलेला आहे. जॉन्सन म्हणतो, 'हे असेच होते'. विवान म्हणतात, 'हे असे नव्हते, पण हे पाहिल्यावर त्या घराबद्दल तुम्हांला काय वाटते?' पहिल्याला तुमचा विश्वास हवा आहे, दुसऱ्याला तुमचा विचार. मोबाइलवर रोज जी बनावट चित्रे येऊन आदळतात, त्यांनाही हीच कसोटी लावता येईल. चित्र बनवलेले आहे म्हणून ते वाईट ठरत नाही. आपले बनवलेलेपण ते लपवते की सांगते, यावर त्याचा प्रामाणिकपणा ठरतो.

या जाणत्या कलावंतांच्या पंगतीत बसेल, किंबहुना त्यांच्याही पुढे एक पाऊल टाकील, असे काम आपल्या डहाणूत झाले आहे. ते जुन्या कपाटातल्या फोटोंवर झालेले नाही, नव्याने काढलेल्या फोटोंवर झाले आहे. पण प्रश्न तोच आहे. फोटोखालची ओळ कुणी लिहायची?

डहाणू स्टेशनच्या पूर्वेला गंजाड हे गाव आहे. वारली चित्रांच्या चाहत्यांना हे नाव अपरिचित नसावे. लग्नाच्या वेळी झोपडीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा आणि त्यात पालघट देवी मांडायची, हे मूळचे सवाशिणींचे काम. ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आली ती १९७० नंतरच्या वर्षांत. भास्कर कुलकर्णी हा मनस्वी चित्रकार या भागात येऊन राहिला आणि गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगापुढे आली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले.

त्याच गंजाडचे राजेश चैत्या वांगड हे पुढच्या पिढीतले चित्रकार. त्यांचा जन्म १९७५ चा. चित्रे काढायला ते आईकडून शिकले. २०१३ च्या सुरुवातीला दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या आणि वांगडांच्या घरी उतरल्या. वांगड त्यांना आपला मुलूख दाखवत हिंडले. इथे हे झाले, तिथे ते झाले, या डोंगरावर अमका देव, या वाटेवर तमकी घटना. गिल ऐकत होत्या आणि फोटो काढत होत्या. पुष्कळ फोटोंत वांगड स्वतःही उभे आहेत. पुढे फोटो धुऊन समोर आले तेव्हा गिल यांना जाणवले, की आपण जे ऐकले त्यातले यात काहीच उतरलेले नाही. डोंगर आला, शेत आले, झाड आले; गोष्ट आली नाही.

हा क्षण मला महत्त्वाचा वाटतो. फोटो उत्तमच होते. एरवी कुणी त्यांना चौकटी करून प्रदर्शनात लावले असते, खाली दोन सुंदर ओळी लिहिल्या असत्या आणि वाहवा मिळवली असती. गिल यांनी ते फोटो वांगडांपुढे ठेवले आणि वांगडांनी शाईची लेखणी घेऊन थेट त्या कृष्णधवल फोटोंवर चित्रे काढली. या मालिकेचे नाव 'फील्ड्स ऑफ साइट'. मराठीत तिला 'नजरेची शेते' म्हणता येईल. २०२३ मध्ये झुरिक येथून तिचे पुस्तकही निघाले. चित्रांवर दोघांची नावे असतात.

ही चित्रे पाहताना डोळ्याची काय त्रेधा उडते, ते शब्दांत सांगणे अवघड. लांबून पाहिले तर करडा, शांत देखावा. जवळ जावे तो आभाळ मुंगीएवढ्या आकृत्यांनी भरून गेलेले. त्रिकोणी देहांची माणसे, गुरे, पाखरे, झाडे, देव, घरे. जिथे आपल्याला मोकळी जागा दिसली होती तिथेच नेमकी दाटी. फोटोत एकच क्षण असतो. वारली चित्रात पेरणीपासून लग्नापर्यंतचे सारे एकाच वेळी चाललेले असते. फोटोला एका ठिकाणी उभे राहून एका डोळ्याने पाहावे लागते. वारली चित्र त्याच जागी अनेक बाजूंनी हिंडून येते. अशी दोन प्रकारची पाहणी एका कागदावर एकमेकांना न पुसता नांदतात. खालचा फोटो झाकलेला नाही आणि वरची रेघ लपवलेली नाही. सांधा जागोजाग उघडा आहे.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या सरकारी ग्रंथाशी हे ताडून पाहावे. तिथे माणूस फोटोत आणि मजकूर परक्याचा. इथे जो फोटोत उभा आहे, त्यानेच पुढे येऊन फोटोवर आपला मजकूर लिहिला आहे. तोही खाली, कोपऱ्यात, बारीक टाइपात नव्हे, सबंध आभाळभर.

यावर एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, "बाई, चित्रे सुंदर असतील, पण एवढे मनावर घेण्याजोगे त्यात काय आहे? कोण फोटोवर रेघोट्या ओढतो, याने कुणाचे काय बिघडते?"

बिघडते ते जमिनीचे. डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक आहे, असे केंद्र सरकारने १९९१ मध्येच जाहीर केले. तरीही ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र तिथे झाले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग या जिल्ह्यातून जातो. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि मच्छिमारांचा त्याला विरोध आहे. हे प्रकल्प व्हावेत की न व्हावेत, हा निवाडा करायचे हे सदर नव्हे. पण असा कोणताही प्रकल्प येतो तेव्हा आधी फोटो येतात. आभाळातून काढलेले, उपग्रहाने काढलेले, मोजणीचे. त्या फोटोंत माळ रिकामा दिसतो, किनारा मोकळा दिसतो, डोंगर उघडा दिसतो. मग खालची ओळ लिहिणे फार सोपे जाते. 'पडीक', 'ओसाड', 'उपलब्ध'. एकदा 'रिकामा' ही ओळ पडली की तिथे कुणाचा देव होता, कुणाची गुरे चरत होती, कुणाचे राब भाजले जात होते, हे सांगण्याची जबाबदारी तिथल्या माणसावर येऊन पडते आणि त्याच्याजवळ तर त्याचा फोटो नसतो!

वांगडांनी भरलेले आभाळ मला या जागी आठवते. 'हे रिकामे नाही' एवढेच ते सांगते; माझ्या विद्यार्थिनीच्या ओळीसारखे. कोर्टात ते पुरावा म्हणून चालणार नाही, हे उघड आहे. पण कोर्टात जाण्याच्या कितीतरी आधी, मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत बसून आपण मनातल्या मनात जो निकाल देऊन टाकतो, तो मात्र असल्या चित्राने लांबणीवर पडू शकतो. एखादी जागा रिकामी आहे असे वाटले, की 'कुणाच्या नजरेला?' असा प्रश्न मनात उमटला, तरी त्या शाईचे चीज झाले.

त्या दिवाणखान्याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. वारली चित्रे आज कुठे नाहीत? चहाच्या कपावर आहेत, ओढणीवर आहेत, सोसायटीच्या कुंपणावर आहेत, दिवाळीच्या पणत्यांवर तर हमखास आहेत. पांढरी त्रिकोणी माणसे हात धरून गोल नाचतात. आपल्याला प्रसन्न वाटते. पण त्या चित्राखाली ओळच नसते. नाव नसते, गाव नसते. मधोमध बसून जो वाद्य वाजवतो आहे त्याच्या हातातल्या वाद्याला तारपा म्हणतात आणि त्याच्याभोवतीचा नाच कापणीच्या दिवसांतला आहे, एवढेसुद्धा कुणी सांगत नाही. परक्याने लिहिलेली ओळ जशी अन्यायाची, तशी मुळीच नसलेली ओळही. विकत घेताना चित्र कुणी काढले आणि त्यात काय चालले आहे, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत. विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर पुढचे दुकान पाहावे.

आणि हा शहाणपणा फक्त डहाणू-तलासरीपुरता ठेवायचेही कारण नाही. दिवाळीच्या आवराआवरीत घरोघर जुन्या फोटोंचे डबे खाली उतरतात. त्यांतल्या प्रत्येक फोटोवर एक ओळ लिहायची राहिलेली आहे आणि ती लिहू शकणारी माणसे घरात दिवसेंदिवस कमी होत आहेत. फराळाचे आटोपल्यावर आजीजवळ तो डबा घेऊन बसावे. 'हे कोण?' एवढेच विचारून थांबू नये. फोटो कुणी काढला, काढायचे कुणी ठरवले, कोण बाजूला उभे होते आणि चौकटीत का आले नाही, तेही विचारावे. मागची पंगत वाढणाऱ्या बायका फोटोत क्वचितच सापडतात. पाणी भरणारा, भांडी घासणारी, मूल सांभाळणारी, यांचा नुसता हात किंवा पदर एखाद्या कडेला आलेला असतो. आजीला त्यांची नावे ठाऊक असतात.

मऊ शिसपेन्सिलीने, फोटोच्या पाठीवर, हलक्या हाताने ती लिहून ठेवावीत. शाईने लिहू नये. पुढच्या बाजूला उमटते.